दोन ओढ्यांच्या मधली पिकअप: एका दूध-रूटचं प्रकरण

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. खाली जे लिहिलंय त्यात मी नुसता निरीक्षक नव्हतो, एका चुकीच्या निर्णयात माझाही वाटा आहे. गाव, संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत एवढे तपशील बदलले आहेत. मुलूख मात्र बदललेला नाही, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यातला भूम तालुका म्हटलं की खवा आणि कुंथलगिरीचे पेढे आठवतात. त्यामागे वस्त्यावस्त्यांवरची दोन-चार जनावरं आणि रोज पहाटे निघणारं दूध असतं. माळरान हलकं, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे आठवड्याच्या हातखर्चाला इथे पिकापेक्षा दुधाचाच आधार जास्त.

ही संस्था छोटी. एक बल्क कूलर, दोन पिकअप. त्यातल्या एका गाडीचा सकाळचा रूट चौदा थांब्यांचा, सगळे बालाघाटच्या पठारावरच्या वस्त्यांवर. सकाळी अकराशे-बाराशे लिटर दूध चाळीस लिटरच्या कॅनमधून कूलरवर यायचं आणि तिथे ते चार अंशांपर्यंत थंड व्हायचं. धार काढल्यापासून कूलरपर्यंत चार तासांच्या आत पोचायचं, हा संस्थेचा न लिहिलेला नियम.

बावीस वर्षं हा रूट एकाच माणसाने चालवला. सगळा भाग त्यांना नाना म्हणतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर घरच्यांनी त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. त्यांच्या जागी परांड्याकडचा चोवीस वर्षांचा मुलगा आला. हात चांगला, वागणं नम्र, पण हा भाग त्याच्या पायाखालचा नव्हता. सचिवांनी त्याच्या फोनवर चौदाही थांब्यांच्या खुणा टाकून दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रूट सुरू झाला.

हे स्पष्ट सांगायला हवं की पाच महिने फोनवरच्या नकाशाने उत्तम काम केलं. नाना सवयीने दोन ठिकाणी लांबून जायचे, ते वळसे फोनने काढून टाकले. फेरी वीस मिनिटांनी कमी झाली, डिझेल वाचलं. नानांचा वळसा म्हणजे म्हातारपणाची खोड, असं सचिव तेव्हा हसून म्हणाले होते. मीही हसलो होतो.

अडचण

सप्टेंबरचा शेवट. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता, तिसऱ्या रात्री तर त्याने कहर केला. मध्यरात्री लाईट गेली आणि पहाटे टॉवरची बॅटरीही संपली.

गाडी पावणेसहाला निघाली. सहाच्या सुमारास पहिल्या ओढ्यावरची फरशी, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, लागली. पाणी फरशीला लागून होतं, वर नव्हतं. गाडी सहज पार झाली. साडेसातच्या आत पाच थांबे झाले, अकरा कॅन भरले, चारशे तीस लिटर. सहाव्या थांब्याच्या वाटेवर दुसरा ओढा आहे. तिथे पोचेपर्यंत सात चाळीस झाले होते आणि फरशीवरून गुडघाभर गढूळ पाणी वाहत होतं. कडेचे दगड दिसत नव्हते, त्यामुळे फरशी कुठे संपते तेही कळत नव्हतं.

फोनने दुसरा रस्ता शोधायला हवा होता. पण डेटा नव्हता. जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही, उपग्रहाकडून आपली जागा त्याला कळत राहते. म्हणून निळा ठिपका जागच्या जागी ठीक होता. त्याच्याखालचा नकाशा मात्र उतरवून ठेवलेला नव्हता. राखाडी पडद्यावर एकटा निळा ठिपका, एवढंच त्या पोराला दिसत होतं.

त्याने गाडी वळवली. आठ वाजता पहिल्या ओढ्यावर परत आला, तर दोन तासांपूर्वीची ओलसर फरशी आता मांडीभर पाण्याखाली होती.

इथल्या ओढ्यांचं हे असंच असतं. खाली काळा कातळ, वर वीतभर माती. एकदा जमीन भिजली की पडेल तो थेंब सरळ ओढ्यात. पाणी तासाभरात चढतं आणि पाऊस थांबला तर काही तासांत उतरतंही. पण त्या सकाळी तो थांबणार नव्हता.

म्हणजे गाडी दोन ओढ्यांच्या मधल्या पट्ट्यात अडकली होती. दोन्ही ओढे दक्षिणेला वाहत जाऊन पुढे एकत्र होतात. त्या बेचक्यात आमचं गाव आहे. सव्वाआठला तो माझ्या ओट्यावर उभा होता, अंगावरून पाणी निथळत. “सर, तुमच्याकडं कसला तरी मोठा नकाशा हाय म्हणं.”

समोर असलेले पर्याय

होता. प्रात्यक्षिकासाठी वापरतो तो सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलनिर्देशक नकाशा, १:५०,००० प्रमाणाचा. जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर. आमचा भाग ४७ एन या गटात येतो: १८ ते १९ उत्तर अक्षांश, ७५ ते ७६ पूर्व रेखांश. असे सोळा कागद जोडले की तो एक अंशाचा चौकोन भरतो. पडवीत सतरंजीवर कागद पसरला. तोवर शेजारचे दोघे-तिघे, खवा भट्टीवाले तात्या आणि त्यांचे वडील आबाही आले. पावसात गावाला दुसरं काम नव्हतं.

पहिला पर्याय थांबायचा. जीवाला धोका शून्य, दूध मात्र सगळं जाणार. सर्वांत जुनं दूध साडेपाचचं होतं, त्याला तीन तास होत आले होते.

दुसरा पर्याय फरशीतून गाडी घालायची. “ट्रॅक्टर जात्यात की” असं कुणीतरी म्हणालंच. दरवर्षी म्हणतात. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडीची पकड सुटते, दोन फुटांना मोठी गाडीही उचलली जाते. भरलेले कॅन हे वजन आहे हे खरं, पण ते वजन चाकाखालची फरशी तुटलेली आहे की नाही हे सांगत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात फोनच्या सांगण्यावरून अर्धवट पुलावर गेलेली मोटार रामगंगेत पडून तिघे गेले, ती बातमी त्या मुलाच्या मनात होती. त्याने स्वतःच हा पर्याय मोडीत काढला. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच, आणि तो कुठल्याच नकाशावरून घेतलेला नव्हता.

तिसरा पर्याय भट्टी. तात्यांची भट्टी तीन कढयांची. एरवी मोटरवर फिरणारे उलथणे असतात, पण लाईट नाही म्हणजे हाताने घोटायचं. लाकूड अर्धं ओलं. एका कढईत दहा-बारा लिटरचा घाणा, त्याला पाऊण तास. तात्यांनी हिशोब करून सांगितलं की पाच कॅनच्या वर एक थेंब घेणार नाही.

चौथा पर्याय कागदावर होता आणि तो सापडायला वीस मिनिटं लागली.

नवखा माणूस हा कागद उघडला की आधी रस्ते शोधतो. रस्ते लाल, ते पटकन दिसतात. आमच्या भागाच्या कागदावर निळं फार थोडं दिसतं, कारण बारमाही पाणीच थोडं. उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेने दाखवतात. दरवर्षी अर्धा वर्ग त्या काळ्या रेषांना पायवाटा समजतो. मी त्या मुलाला आधी लाल रस्ते विसरायला सांगितलं आणि फक्त काळ्या रेषांवरून बोट फिरवायला लावलं. मग तपकिरी समोच्च रेषा, समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या. दोन रेषांत वीस मीटरचा फरक. जिथे त्या उगमाकडे टोक करून वळतात तिथे ओढ्याची खोलगट, जिथे उताराकडे टोक करतात तिथे दांड, म्हणजे दोन ओढ्यांमधला लांबट उंचवटा.

पाच मिनिटांत तो म्हणाला, “सर, फोनमधी निस्ता रस्ता दिसतो. ह्यात सगळा मुलूखच दिसायलाय.”

आणि मुलूख दिसला की वाटही दिसते. दोन ओढे खाली एकत्र होत असतील तर त्यांच्या मधून सुटायचं दार वरच्या अंगाला असतं, उगमांच्याही वर. आमच्या उत्तरेला बालाघाटचा मुख्य जलविभाजक आहे. त्याच्या पलीकडे पडलेलं पाणी मांजरेला आणि पुढे गोदावरीला जातं, अलीकडचं सीनेला, तिथून भीमेला आणि शेवटी कृष्णेला. त्या दांडावरून चालणारा रस्ता एकही ओढा ओलांडत नाही, ओलांडूच शकत नाही. जुन्या गाडीवाटा दांडावरून जायच्या त्या उगीच नाही, बैलांना चिखल नको असतो. कागदावर आमच्या गावातून दांडाकडे चढणारी एक गाडीवाट तुटक रेषेने दाखवली होती. ती पुढे पठारावरच्या डांबरी रस्त्याला मिळत होती.

वाटेवर दोरा ठेवून मोजलं. साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच किलोमीटर. पाण्याची एकच आडवी रेषा, तीही एका नाळीच्या, म्हणजे अरुंद घळीच्या, अगदी डोक्याशी, वरून ओढ्याचा एकही फाटा न मिळणारी.

मी खूश झालो. नको इतका.

काय केलं

कागदाच्या तळाशी सर्वेक्षणाचं साल असतं. वर्गात पहिल्या तासाला मी तेच वाचायला लावतो. त्या सकाळी मी ते वाचलं नाही. आबांनी वाचलं असं म्हणता येणार नाही, त्यांना अक्षरओळख बेताची. पण मी वाटेवर बोट फिरवत असताना त्यांनी विचारलं, “आन् तळं कुठंय ह्यात?”

तळं नव्हतं. कागदावरचं सर्वेक्षण १९७३-७४ चं, आणि दांडाखालच्या त्या नाळीवर साठवण तलाव झाला नव्वदच्या दशकात. जी पाण्याची एकच निरुपद्रवी रेषा मी मोजली होती तिथे आज बांध होता, आणि गाडीवाटेचा दीडशे-दोनशे मीटरचा तुकडा पाण्याखाली. आबांनी सांगितलं की लोक आता बांधाच्या कडेने, सांडव्यातून जातात. सांडवा म्हणजे कातळ फोडून काढलेला रुंद पाट. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथूनच जाणार, आणि तीन दिवसांच्या पावसात तो भरलेला असणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

इथे चर्चा अडली. मी म्हणत होतो की वाट रद्द करावी. ड्रायव्हर म्हणाला, जाऊन तर बघू, परत यायला वाट आहेच. त्याचं बरोबर होतं: गाव ते सांडवा या तुकड्यात एकही ओढा नव्हता, म्हणजे मागचा रस्ता बंद व्हायची भीती नव्हती. फरशीवर गेलेल्या गाडीला ही सोय नसते.

मग ठरलं ते असं. पाच कॅन तात्यांच्या भट्टीला. उरलेले सहा घेऊन पिकअप दांडाकडे. पुढे शेजारचा एकजण मोटारसायकलवर. सांडव्यात गाडी घालायची नाही, पाणी कितीही थोडं असलं तरी. तिथे पोचून पुढचं बघायचं.

कोणते पाच कॅन उतरवायचे? हा प्रश्न तेव्हा प्रश्न वाटलाच नाही. मागच्या फळीजवळचे उतरवले, हाताशी होते म्हणून. तात्यांनाही तेच हवे होते, ते शेवटच्या थांब्यांचे, ताजे. दूध जरासंही आंबटलेलं असलं तर खवा नीट बांधत नाही, रवाळ होतो. त्यांच्या बाजूने ती मागणी वाजवी होती. याचा हिशोब पुढे येईल.

साडेनऊला गाडी निघाली. निम्म्या वाटेवर मुरूम होता, चाकं धरत होती. एका बांधाजवळ चर आडवा आला, तो दगड टाकून भरला. वीस मिनिटं तिथे गेली. दहा वीसला सांडवा. घोट्याच्या वर पाणी, खाली स्वच्छ कातळ, पंधरा-सोळा पावलांचा पाट.

आणि तिथे, दांडाच्या उंचीवर, फोन वाजू लागला. आमचा टॉवर बंदच होता, रेंज आली होती ती दूरच्या, बहुधा शेजारच्या वाशी तालुक्याकडच्या टॉवरची. रात्रीपासूनचे सगळे निरोप एकदम आदळले. ड्रायव्हरने सचिवांना फोन लावला, निळ्या ठिपक्याची जागा पाठवली. पलीकडच्या डांबरी रस्त्यावरून एक ट्रॅक्टर पंचेचाळीस मिनिटांत सांडव्याच्या दुसऱ्या काठाला आला. तो नेमका तिथे आला तो फोनमुळेच. “तलावाच्या सांडव्याजवळ” एवढ्यावर शोधला असता तर दुपार झाली असती, त्या भागात असे तीन सांडवे आहेत.

कॅन माणसांनी नेले. एका कॅनला दोघे, कमरेला दोर बांधून, सहा खेपा. पिकअप अलीकडेच राहिली.

निष्पत्ती

ट्रॅक्टर बारा वाजून दहा मिनिटांनी कूलरवर पोचला. तिथे प्रत्येक कॅनची उकळी चाचणी झाली. चाचणी साधी असते, थोडं दूध नळीत घेऊन उकळायचं, फाटलं तर कॅन बाद. सहांपैकी दोन फाटले. ते पहिल्या थांब्याचे, साडेपाचच्या धारेचे होते. अठ्ठ्याहत्तर लिटर गेलं, एकशे सत्तावन्न स्वीकारलं.

भट्टीवर दिलेल्या एकशे पंचाण्णव लिटरचा छत्तीस किलोच्या आसपास खवा झाला. तात्यांच्या घरची पाच माणसं दुपारपर्यंत घोटत होती.

खरं नुकसान मात्र या आकड्यांत नाही. सहा ते चौदा या नऊ थांब्यांवर त्या सकाळी गाडी गेलीच नाही. काहींनी दही लावलं, काहींनी घरच्या चुलीवर आटवलं, दोन ठिकाणी दूध ओतून द्यावं लागलं. त्यातल्या एका घरी दुभतं जनावर एकच होतं. ओतलेल्या दुधाचे पैसे संस्थेने द्यावेत का, यावर पुढच्या बैठकीत जी बाचाबाची झाली ती मी इथे लिहीत नाही. अर्धे दिले गेले.

पिकअप दोन दिवस आमच्या गावातच होती. पोरानं त्या दोन दिवसांत माझ्याकडचे सगळे नकाशे बघून टाकले.

निर्णय कुठे चुकले

सगळ्यांना वाटतं की निर्णयाची घडी आली ती सात चाळीसला, दुसऱ्या फरशीवर. माझ्या मते ती सहा वाजता येऊन गेली होती. पहिल्या फरशीला पाणी लागलेलं असताना तो पार झाला तेव्हाच ठरलं की परतीचा रस्ता पाण्याच्या मर्जीवर आहे. तिथे थांबून विचारायला हवं होतं ते एवढंच: मागे फिरायची वेळ आली तर हा ओढा तोवर चढलेला असेल का? वरून त्याला कागदावर अकरा फाटे मिळतात. म्हणजे चढणारच. दुसऱ्या ओढ्याला तर त्याहून जास्त. हे फोनवर शोधून सापडलंही असतं, पण शोधायला आधी प्रश्न पडावा लागतो. वळणं सांगणारा आवाज पुढच्या दोनशे मीटरबद्दल बोलत असताना मागच्या ओढ्याचा प्रश्न पडत नाही.

नानांचे दोन “उगाचचे” वळसे नंतर कागदावर मांडून पाहिले. दोन्ही दांड धरून जाणारे. त्यातला एक वळसा या दुसऱ्याच फरशीला टाळतो. कोरड्या दिवसांतही ते तिकडूनच जायचे, कारण त्यांच्या डोक्यात रूट एकच होता, पावसाळ्याचा. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही कुणी विचारलं नाही. नव्या मुलाला त्यांच्या शेजारी आठ दिवस बसवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. संस्थेने खुणा दिल्या, वाटा दिल्या नाहीत.

माझी चूक वर आलीच आहे. सालाकडे न बघता नकाशा वाचला. फोनवर विसंबण्यात आणि छापील कागदावर विसंबण्यात त्या दहा मिनिटांपुरता काही फरक नव्हता. आबा नसते तर मी गाडी थेट तलावात पाठवली नसती हे खरं, पण दांडाकडे चढून तिथवर गेल्यावर सगळे माझ्याकडेच बघत राहिले असते.

आणि कॅन. नऊ वाजता भट्टीजवळ विस्तव होता, चमचा होता, दूध होतं. अकराही कॅनची उकळी चाचणी तिथेच पंधरा मिनिटांत झाली असती. सर्वांत जुने दोन तेव्हा अजून टिकून होते, बहुधा. ते आधी कढईत चढवून उकळले असते तर आंबणं तिथेच थांबलं असतं आणि ताजे कॅन लांबच्या वाटेला गेले असते. तात्यांना खवा थोडा रवाळ मिळाला असता, त्याचा भाव कमी धरता आला असता. आम्ही वाटेचा विचार करण्यात इतके गुंतलो होतो की गाडीत काय आहे ते विसरलो.

नंतर काय बदललं

नवरात्रात, पाऊस उघडल्यावर, आम्ही रूटचा नकाशा करायला बसलो. १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये घेता येतात, त्यातला आमचा उतरवला. या नव्या आवृत्तीत तलाव आहे. दुपटीने मोठा करून छापला, म्हणजे किलोमीटरला चार सेंटिमीटर. मोठा केल्याने त्यात नवी माहिती येत नाही, फक्त लिहायला जागा होते. छपाई भूमच्या फ्लेक्सवाल्याकडे केली, कारण फ्लेक्स भिजत नाही. वाढदिवस सोडून दुसरं काही छापायचं म्हटल्यावर त्याने दोनदा विचारलं, “फोटो कुणाचा टाकायचा?”

नानांना बारीक दिसत नव्हतं. म्हणून बारावीतली त्यांची नात नावं वाचत गेली आणि ते सांगत गेले. चौदा थांबे आणि सतरा ओढे-फरश्या. प्रत्येक फरशीच्या वर किती फाटे मिळतात ते मोजलं. दहाच्या वर असतील तर लाल, चार ते दहा पिवळा, त्याखाली हिरवा. लाल म्हणजे उशिरा उतरणारी फरशी. तिच्याजवळ थांबण्यात अर्थ नाही, वळसाच घ्यायचा. हिरवी दोन तासांत मोकळी होऊ शकते.

मग नानांनी आमच्या कागदाची उरलेली लाज काढली. “ह्या बांधावरनं कोण जाऊ देतं आन् कोण नाही, ते कुठं लिव्हलंय?” ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. भूमी अभिलेखमधून तीन गावांचे गाव नकाशे आणले. त्यांत गटांच्या हद्दी, शिवरस्ते आणि जुन्या गाडीवाटा आहेत. स्थलनिर्देशक नकाशा जमीन कशी आहे ते सांगतो, गाव नकाशा वाट नोंदीला आहे की नाही ते सांगतो. माणूस अडवेल की नाही हे दोन्ही सांगत नाहीत, ते नानांनी सांगितलं आणि नातीने पेन्सिलने लिहिलं. पेन्सिलनेच, कारण भाऊबंदकी बदलते.

सचिवांचं मत अजूनही वेगळं आहे. ते म्हणतात की फोनमध्ये भाग आधी उतरवून ठेवला असता तर एवढा खटाटोप लागला नसता. आता आम्ही तेही करतो, दोन्ही ड्रायव्हरच्या फोनमध्ये, दर महिन्याला. त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. समोच्च रेषा दाखवणारी अॅपही आहेत. पण ओल्या हाताने सहा इंचांच्या काचेवर दोन ओढे त्यांच्या उगमापासून संगमापर्यंत एका नजरेत बघून दाखवा, एवढंच माझं म्हणणं. मोठं केलं की संगम जातो, लहान केलं की फाटे जातात. चार माणसं त्याच्याभोवती बसूही शकत नाहीत. त्या सकाळी आबांचा प्रश्न आला तो कागद सतरंजीवर होता म्हणून. फोन माझ्या हातात असता तर आबा भिंतीला टेकून बसले असते.

कागदाकडे कधी वळायचं याचा नियम अगदी गावठी केला. पहिल्या फरशीच्या कडेला एका दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारलाय. पट्टा पाण्याखाली असेल तर फोन खिशात, फ्लेक्स बाहेर आणि नानांचा वळसा.

पुढच्या पावसाळ्यात असं चार वेळा झालं. तीनदा चौदाही थांबे झाले. चौथ्या वेळी हिरव्या खुणेजवळच पाईपलाईनसाठी रस्ता खोदून ठेवला होता. हे ना फ्लेक्सवर होतं, ना फोनवर. ड्रायव्हरने तिथे तारीख टाकून फुली मारली. अशा सात-आठ फुल्या आता त्यावर आहेत. घडीवर फ्लेक्सचा रंग उडून पांढऱ्या रेघा पडल्यात, त्यातली एक नेमकी अकराव्या थांब्यावरून जाते.

सांडव्याकडच्या गाडीवाटेवर यंदा एका शेतकऱ्याने काटेरी तार ओढली आहे. त्याचं म्हणणं, वाट माझ्या गटातून नाही. गाव नकाशावर ती आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलला अर्ज दिलाय, स्थळपाहणी व्हायची आहे. तोवर नातीने त्या तुकड्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.